वैद्यकीय नेतृत्व : एकट्याच्या निर्णयापलीकडे

महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या विद्यार्थ्याला आंतरवासितेचे वर्ष संपल्यावर बंधपत्राप्रमाणे एक वर्ष शासनाची सेवा करावी लागते, आणि ही सेवा अनेकदा ग्रामीण भागातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू होते. सपाटीच्या प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा त्याचा निकष आहे. त्याच्या अखत्यारीत उपकेंद्रे येतात, उपकेंद्रांवर आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक असतात, केंद्रात आरोग्य सहायक, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, परिचर आणि वाहनचालक असतात, शिवाय साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक या प्रमाणात गावोगावच्या आशा स्वयंसेविका केंद्राशी जोडलेल्या असतात. आदल्या वर्षापर्यंत राउंडच्या वेळी मागच्या रांगेत उभे राहून ऐकणारा, वरिष्ठांनी सांगितलेल्या तपासण्यांचे कागद लिहिणारा पंचविशीतला डॉक्टर येथे एका दिवसात पन्नासेक माणसांच्या कामाला जबाबदार होतो. रोगाचे निदान आणि उपचार यांची तयारी त्याच्याकडून साडेचार वर्षे करून घेतलेली असते. या दुसऱ्या जबाबदारीची तयारी जवळजवळ झालेलीच नसते.

या जबाबदारीत एक प्रशासकीय गुंतागुंतही आहे, आणि ती बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आहेत; ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा रुग्णालये आणि जिल्हा रुग्णालय मात्र राज्य शासनाच्या बाजूने जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अधिपत्याखाली चालतात. अडलेली बाळंतीण केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवली जाते तेव्हा ती केवळ दहा-वीस किलोमीटरचे अंतर कापत नाही, तर एका प्रशासनाच्या हद्दीतून दुसऱ्या प्रशासनाच्या हद्दीत जाते. पुढच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ हजर आहे का, रक्त उपलब्ध आहे का, हे आधी विचारून रुग्णवाहिका पाठवण्याची सवय ज्या तालुक्यात रुजली आहे, तेथे ती एखाद्या शासन निर्णयामुळे रुजलेली नसते; दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांनी एकमेकांशी ओळख ठेवली, वारंवार बोलणे ठेवले, म्हणून ती रुजलेली असते.

या विषयावर लिहिताना तीन संकल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण व्यवहारात त्यांची सतत सरमिसळ होते. अधिकार पदाबरोबर येतो आणि पदाबरोबर जातो. व्यवस्थापन म्हणजे हाताशी असलेली माणसे, पैसा, औषधे आणि वेळ ठरलेल्या कामासाठी नीट वापरणे. नेतृत्व म्हणजे कोणते काम करायचे आणि ते का करायचे याविषयी इतरांची खात्री पटवणे, ते काम त्यांच्या हातून होईल एवढी क्षमता त्यांच्यात निर्माण करणे, आणि काही चुकत असेल तर ते वेळीच सांगता येईल एवढा मोकळेपणा त्यांना देणे. डॉक्टरांच्या व्यावसायिक विकासाच्या चर्चेत पहिल्या दोन गोष्टींना भरपूर जागा मिळते, तिसरीला फार थोडी. आणि डॉक्टरची कारकीर्द पुढे सरकते तसतशी हीच तिसरी गोष्ट रुग्णांच्या जगण्या-मरण्याशी अधिकाधिक जोडली जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वैद्यकीय शिक्षणाची घडण मुळात एकट्याच्या निर्णयाची आहे. रुग्णाचा इतिहास एकट्याने घ्यायचा, शरीर एकट्याने तपासायचे, परीक्षकासमोर एकट्याने उभे राहायचे आणि शेवटी आपल्या सहीने औषधयोजना लिहायची, ही शिस्त आवश्यकच आहे, कारण निर्णयाची जबाबदारी अंगावर घेण्याचे बळ तिच्यातून येते. १९४६ साली अहवाल सादर करणाऱ्या भोर समितीने या घडणीची मर्यादा ओळखली होती. समाजाच्या आरोग्याकडे पाहणारा, त्यासाठी लोकांना सोबत घेणारा ‘सामाजिक वैद्य’ तिला अभिप्रेत होता, आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण तिने सुचवले होते. कॅनडातील रॉयल कॉलेजने विशेषज्ञ डॉक्टरांच्या क्षमतांची ‘कॅनमेड्स’ ही चौकट १९९६ मध्ये स्वीकारली आणि २०१५ च्या आवृत्तीत तिच्यातील ‘व्यवस्थापक’ ही भूमिका बदलून ‘नेता’ अशी केली. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातही पदवीधराच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत: चिकित्सक, आरोग्यसेवा पथकाचा नेता व सदस्य, संवादक, आजीवन विद्यार्थी आणि व्यावसायिक. नेता आणि सदस्य या दोन गोष्टी एकाच भूमिकेत एकत्र ठेवल्या आहेत, हे विशेष महत्त्वाचे आहे. ज्याला पथकाचा सदस्य होता येत नाही त्याच्या हाती पथक सोपवू नये, एवढा स्पष्ट अर्थ त्यातून काढायला हरकत नाही. अभ्यासक्रमात नोंद झाली असली, तरी परीक्षेत गुण मिळतात ते अजूनही पहिल्याच भूमिकेचे.

पथकाचे सदस्यत्व प्रत्यक्षात शिकले जाते ते रुग्णालयाच्या युनिटमध्ये. युनिटप्रमुख, त्याच्या हाताखाली सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, मग वरिष्ठ निवासी, कनिष्ठ निवासी आणि सर्वांत खाली आंतरवासी अशी ही उतरंड असते. ओपीडीचे दिवस, इमर्जन्सीचे दिवस आणि राउंडच्या वेळा तिच्यात ठरलेल्या असतात. या रचनेने पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चिकित्सक घडवले आहेत. कनिष्ठाने वरिष्ठाला प्रश्न विचारायचा असतो की नाही, परिचारिकेने शंका व्यक्त केली तर ती ऐकायची असते की झटकायची असते, चूक झाली तर ती नोंदवायची असते की झाकायची असते, हेही येथेच, कोणी तोंडाने न सांगता, शिकले जाते. जो निवासी डॉक्टर तीन वर्षे अपमानाच्या भीतीखाली काम करतो, तो पुढे युनिटप्रमुख झाल्यावर बहुतेक वेळा तीच भीती पुढच्या पिढीला देतो, कारण प्रमुखपणाचे दुसरे रूप त्याने पाहिलेलेच नसते.

या भीतीची किंमत किती असते, हे ब्रिटनमधील दोन प्रकरणांनी दाखवून दिले. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत १९८४ ते १९९५ या काळात लहान मुलांवर झालेल्या हृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि तिचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या वर्षांत तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा जास्त दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील एका भूलतज्ज्ञाने आकडे गोळा करून वारंवार चिंता व्यक्त केली होती, पण थोड्या हातांत एकवटलेल्या सत्तेने ती बराच काळ पुढे जाऊ दिली नाही. अहवालाने दोन-चार व्यक्तींना दोष देऊन विषय संपवला नाही. बोलणाऱ्याला एकटे पाडणारी संस्कृती हा त्याचा मुख्य विषय होता. दुसरे प्रकरण २००५ मधले आहे. नेहमीच्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिल्यानंतर एका तरुण स्त्रीच्या श्वासनलिकेत नळी जाईना आणि प्राणवायूही पोचेना. अशा वेळी गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करणे हा मान्य उपाय आहे. परिचारिकांना तो कळला होता, त्यासाठीचे साहित्यही खोलीत आणून ठेवले होते. पण अनुभवी डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नांत इतके गुंतले होते, की त्यांचे तिकडे लक्ष गेले नाही, आणि परिचारिकांना पुढे होऊन ठामपणे सांगता आले नाही. रुग्ण वाचली नाही. खोलीत ज्ञान होते, साधन होते, कौशल्यही होते. जिच्याजवळ नेमकी माहिती होती तिचा शब्द निर्णय घेणाऱ्यापर्यंत नेणारी वाट तेवढी नव्हती.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी या वाटेचा अभ्यास केला आहे. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुका मोजताना त्यांना असे आढळले, की चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुकांची नोंद कमी नव्हे, तर जास्त होती. तेथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. त्या सांगितल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी या वातावरणाचे शास्त्रीय विवेचन केले, आणि त्याला ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात: प्रश्न विचारल्याने, शंका काढल्याने किंवा चूक कबूल केल्याने आपल्याला अपमान किंवा शिक्षा सोसावी लागणार नाही, असा गटातील सदस्यांना वाटणारा सामाईक भरवसा. शून्य चुकांचा अहवाल पाहून समाधान मानणाऱ्या प्रत्येक वैद्यकीय अधीक्षकाने हे निरीक्षण लक्षात ठेवावे, इतके ते मोलाचे आहे.

मराठी वडिलांचे पुत्र असलेले शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तयार केलेली सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी सूची हा याच विचाराचा उपयोजित भाग आहे. सूचीत १९ मुद्दे आहेत आणि ते भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांत मोठ्याने वाचायचे असतात. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्यांपैकी एक मुद्दा वरवर औपचारिक वाटतो. परंतु ज्या माणसाने सुरुवातीला एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे अडचण दिसल्यावर बोलण्याची शक्यता वाढते, असा त्यामागचा विचार आहे. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पण २०१४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सूची सक्तीची केल्यानंतर असा लक्षणीय फरक आढळला नाही. या दोन अभ्यासांतील अंतराची कारणे संख्याशास्त्रीयही असू शकतात, तरी शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्यांना ओळखीचे वाटेल असे एक कारण समोरच आहे: वरून आलेल्या आदेशाने कागदावर खुणा होतात, पण शल्यविशारद स्वतः थांबून ऐकायला तयार नसेल तर खोलीतले वागणे बदलत नाही. साधन तेच राहते. ते जिवंत ठेवणे किंवा कागदावर उरवणे प्रमुखाच्या हाती असते.

डॉक्टरने आपले काम दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, हा नेतृत्वाचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि त्याचे जगाने अभ्यासलेले दोन प्रयोग महाराष्ट्रातच झाले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांची भिस्त गावोगाव पाठवलेल्या प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविकांवर होती; परंतु बाहेरून आलेल्या, एकट्याने राहणाऱ्या या तरुणींचा गावात जम बसला नाही. तेव्हा गावाने निवडलेल्या, गावातच राहणाऱ्या स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचा मार्ग त्यांनी धरला. यांतील पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. नव्याने आलेल्या डॉक्टरला येथे दोन प्रकारची माघार घ्यावी लागत होती: पहिली, आपल्याच योजनेत चूक होती हे मान्य करण्याची, आणि दुसरी, जुलाब, कुपोषण, बाळंतपण यांविषयीचे आपले ज्ञान जिला अक्षरओळखही नाही तिच्यापर्यंत पोचेल अशा रीतीने नव्याने मांडण्याची. दर आठवड्याला या स्त्रिया जामखेडला येत, गावात काय घडले ते एकमेकींना सांगत, त्यातूनच पुढचे शिकत. कालांतराने बाहेरून प्रशिक्षणाला येणाऱ्या डॉक्टरांनाही याच स्त्रिया शिकवू लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकाधारित आरोग्यसेवेवर काढलेल्या ग्रंथात जामखेडचा समावेश झाला, १९७८ ची प्राथमिक आरोग्याची आल्मा-आता परिषद त्यानंतरची आहे, आणि आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने हेच सूत्र मोजमापाच्या कसोटीवर घासून पाहिले. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात. पण मोजता न येणाऱ्या दाईने ते कसे करायचे, या प्रश्नावर त्यांनी श्वासमापक हे साधे साधन तयार केले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ लावायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी आला तर श्वास जलद आहे असे समजायचे. नेतृत्वाच्या दृष्टीने या मण्यांचे महत्त्व फार मोठे आहे. ‘हे तिला जमणार नाही’ हा बहुतेक डॉक्टरांचा शेवटचा निष्कर्ष असतो. येथे तो संशोधनाचा पहिला प्रश्न झाला. पुढे नवजात बालकांच्या घरच्या काळजीचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली गेली. गावातील प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन, तापमान, स्तनपान यांवर लक्ष ठेवीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर आवश्यक तेथे प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्के घट झाली होती. इंजेक्शन हे डॉक्टर-नर्सचेच काम, ही रूढ चौकट येथे धाडसाने मोडली गेली. पण त्या धाडसाच्या मागे कामाची काटेकोर व्याख्या होती, प्रशिक्षण होते, नियमित पर्यवेक्षण होते, आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद होती. २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर राबवल्या जाणाऱ्या नवजात बालकांच्या गृहआधारित काळजीच्या कार्यक्रमाला या प्रयोगाचा मोठा आधार आहे.

काम सोपवणे आणि काम ढकलणे यांतील फरक या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो, आणि तो आजच्या आरोग्य केंद्रांत रोज पुसला जातो. एखादी नवी मोहीम आली की तिची नोंदवही आशा स्वयंसेविकेच्या हाती दिली जाते, तिचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले जाते, तिच्या मानधनाचा हप्ता रखडतो, आणि आढावा बैठकीत आकडा कमी भरला म्हणून तिलाच उभे केले जाते. हे सोपवणे नव्हे. ज्याच्याकडे काम दिले त्याला ते जमेल याची जबाबदारी देणाऱ्याकडे राहते. त्याला अडचण आली तर ती परत आणण्याची मुभा असावी लागते, आणि ती आणल्याबद्दल त्याला ओशाळवाणे वाटता कामा नये.

या गुणाची खरी परीक्षा होते ती मृत्यूनंतरच्या बैठकीत. ब्रिटनमध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी चालते. रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णालय यांची नावे बाजूला ठेवून प्रत्येक मृत्यूतून काय शिकायचे ते पाहण्याची ती पद्धत आहे. भारत सरकारने २०१० मध्ये मातामृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि आता जिल्ह्याजिल्ह्यांत त्यासाठी समित्या बसतात. अशा अन्वेषणात सामान्यतः सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली ‘तीन विलंबां’ची चौकट वापरली जाते: उपचार घेण्याचा निर्णय करण्यात झालेला विलंब, रुग्णालयापर्यंत पोचण्यात झालेला विलंब, आणि पोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यात झालेला विलंब. चौकट उत्तम आहे. मात्र बैठकीचा पहिला प्रश्न ‘कोणामुळे’ असा असेल, तर समोर बसलेली आरोग्यसेविका आपली नोंदवही सावरण्याच्या मागे लागते, वैद्यकीय अधिकारी रुग्ण उशिरा आल्याचे सांगतो, ग्रामीण रुग्णालय केंद्राकडे बोट दाखवते आणि तिसरा विलंब कागदावर जवळजवळ दिसतच नाही. प्रश्न ‘कशामुळे’ असा असेल, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या डॉक्टरने आपल्या बाजूची उणीव आधी मांडली, तर तेच लोक रात्री रुग्णवाहिकेचा चालक नव्हता, रक्ताची पिशवी मागवायला नातेवाइकाला जिल्ह्याला पाठवले होते, रक्तदाब मोजण्याचे यंत्र कित्येक दिवस बिघडलेले होते, अशा गोष्टी सांगू लागतात. त्या दुरुस्त करता येतात. कारणे दाखवा नोटिशीने दुरुस्त होणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात, आणि खऱ्या हलगर्जीपणासाठी तिची जागा वेगळी आहेच.

कारकिर्दीच्या दृष्टीने पाहता डॉक्टरपुढचे मार्ग आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत: खासगी व्यवसाय, विशेषज्ञता, अध्यापन, संशोधन, रुग्णालय प्रशासन, सार्वजनिक आरोग्य. समाजात मात्र पुढे जाणे म्हणजे पदव्युत्तर आणि त्यापुढची अतिविशेष पदवी एवढीच एक शिडी मानली जाते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वर्षे प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाची गैरसोय म्हणून मोजली जातात. यात तरुण डॉक्टरांचा दोष कमी आहे. त्या वर्षांत शिकलेल्या गोष्टींची नोंद कोठेच होत नसेल, त्यांना मार्गदर्शन करणारा कोणी नसेल, तर त्यांनी ती वर्षे शिक्षणाची मानावीत अशी अपेक्षा कशाच्या बळावर करायची? अध्यापनातही सहायक प्राध्यापकापासून अधिष्ठात्यापर्यंतची वाट सेवेची वर्षे आणि प्रसिद्ध शोधनिबंध यांनी ठरते. विभागातील किती निवासी डॉक्टर निर्भयपणे शिकले, परिचारिका त्या विभागात टिकल्या की बदली मागत राहिल्या, यांची विचारणा बढतीच्या वेळी होत नाही.

ही विचारणा का व्हावी, याला पुरावा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील सुमारे २,८०० डॉक्टरांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की वेगवेगळ्या विभागांतील डॉक्टरांच्या समाधानात जो फरक होता त्याचा सुमारे ४७ टक्के भाग आणि कामाने येणाऱ्या मानसिक थकव्यातील फरकाचा ११ टक्के भाग थेट वरिष्ठाच्या नेतृत्वगुणांशी जोडता येतो. त्याआधी, २००९ मध्ये, याच गटाच्या अभ्यासाने आणखी एक व्यावहारिक गोष्ट दाखवली होती: ज्या डॉक्टर-अध्यापकांना आपल्याला सर्वांत अर्थपूर्ण वाटणाऱ्या कामासाठी, मग ते रुग्णसेवा असो, शिकवणे असो वा संशोधन, किमान २० टक्के वेळ मिळत होता, त्यांच्यात थकव्याचे प्रमाण बरेच कमी होते. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत हा साधारण एक दिवस होतो, आणि हाताखालच्या सहकाऱ्याला तो मिळवून देणे बहुतेक विभागप्रमुखांच्या आवाक्यात असते. रुग्णालयाच्या सर्वोच्च पदावर डॉक्टर असावा की व्यावसायिक व्यवस्थापक, या जुन्या वादातही अमांडा गुडॉल यांच्या २०११ च्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. अमेरिकेतील अग्रगण्य रुग्णालयांत डॉक्टर प्रमुख असलेल्यांचे गुणवत्तेचे गुण सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होते. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. शिवाय तो डॉक्टर असण्याच्या बाजूने जेवढा बोलतो, त्याहून कदाचित नेतृत्वाची तयारी झालेल्या डॉक्टरच्या बाजूने अधिक बोलतो.

नेतृत्वाची पदे कोणाला खुली आहेत, हा प्रश्नही कारकिर्दीच्या चर्चेत यायलाच हवा. मुंबईत १८४५ पासून ग्रँट मेडिकल कॉलेज होते, पण तेथील वरच्या जागा दीर्घकाळ प्रामुख्याने इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील युरोपीय डॉक्टरांकडे राहिल्या. १९२६ मध्ये उभ्या राहिलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीलाच अध्यापक भारतीय असावेत अशी अट जोडलेली होती, आणि डॉ. जीवराज मेहता यांच्यासारखा प्रशासक त्यामुळे अधिष्ठाता म्हणून संस्था घडवू शकला. डॉ. रखमाबाई राऊत १८९४ मध्ये लंडनहून शिकून परतल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले. स्त्रियांसाठीचे वेगळे रुग्णालय हीच तेव्हा स्त्री डॉक्टरला प्रमुखपद देणारी जवळजवळ एकमेव जागा होती. आज वैद्यकीय वर्गांत मुलींची संख्या मोठी आहे, पण अधिष्ठात्यांच्या आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या खुर्च्यांकडे पाहिले तर तेच चित्र दिसत नाही. रात्रपाळी, बाळंतपणाची रजा आणि बदलीचे नियम ठरवणाऱ्या बैठकांत स्त्रिया नसतात, हे त्याचे एक कारण आणि परिणामही आहे.

उशिरा सुरू झालेल्या कारकिर्दीचेही एक मोठे उदाहरण दक्षिणेत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये मदुराईत ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तरुणपणी जडलेल्या संधिवाताने त्यांची बोटे वाकलेली होती. तरी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करीत. पण अरविंदचा विस्तार त्यांच्या हातांच्या कौशल्यावर झाला नाही. खेड्यांतील मुलींना नेत्रसहायक म्हणून शिकवून तपासणी, पूर्वतयारी आणि नंतरची देखभाल त्यांच्याकडे देण्यात आली, त्यामुळे शल्यविशारदाकडे फक्त त्यालाच करता येईल असे काम उरले. जामखेड, गडचिरोली आणि मदुराई या तिन्ही ठिकाणी कळीचे काम शिकून घेतलेल्या स्त्रियांच्या हातून झाले, ही केवळ योगायोगाची बाब नसावी.

यांपैकी कोणतीही क्षमता जन्मजात मानण्याचे कारण नाही. मासिक आढावा बैठकीत पंधरा तक्ते वाचण्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा, उदाहरणार्थ दोन गावांतील लसीकरण का मागे पडले. त्यावर प्रथम आशा स्वयंसेविकेने, मग आरोग्यसेविकेने आणि सर्वांत शेवटी डॉक्टरने बोलावे, कारण डॉक्टर आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. हा क्रम पाळायला पैसा लागत नाही. रुग्ण कल्याण समितीचा निधी, लेखाशीर्षे, खरेदीची पद्धत आणि लेखापरीक्षणाचे आक्षेप यांची डॉक्टरांना वाटणारी धास्ती थोड्या दिवसांच्या चांगल्या प्रशिक्षणाने जाऊ शकते. ती न गेल्याने निधी मार्चअखेर अखर्चित राहतो, किंवा न लागणाऱ्या वस्तूंवर घाईने खर्च होतो. पंचायत समितीत, जिल्हा परिषदेच्या सभेत लोकप्रतिनिधींपुढे बोलणे हेही शिकण्यासारखे कौशल्य आहे, कारण रस्ता, पाणी आणि रुग्णवाहिका यांचे निर्णय तेथे होतात. बंधपत्राच्या वर्षात प्रत्येक नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला शेजारच्या तालुक्यातील एक अनुभवी सहकारी मार्गदर्शक म्हणून जोडून दिला, आणि महिन्यातून एकदा दोघांनी एकमेकांच्या केंद्रावर अर्धा दिवस घालवला, तर या वर्षाचे स्वरूप बरेच बदलेल.

बदलीच्या वेळी कार्यभार देण्या-घेण्याची जी पद्धत आज आहे, तिच्यापासूनही सुरुवात करता येईल. कार्यभाराच्या यादीत जडवस्तूंची नोंदवही, रोख शिल्लक, औषधसाठा आणि किल्ल्या असतात. केंद्रातील माणसांविषयी तिच्यात एक ओळही नसते. तिला दोन पानांची एक टिपणी जोडावी. कोणत्या उपकेंद्राची आरोग्यसेविका अवघड बाळंतपण वेळेवर ओळखते, कोणत्या आशा स्वयंसेविकेला वजनकाटा वापरण्याचे प्रशिक्षण पुन्हा द्यायला हवे, कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी जात नाही आणि तेथे कोणाला निरोप द्यायचा, ग्रामीण रुग्णालयातील कोणत्या सहकाऱ्याला रात्री फोन करता येतो, अर्धवट राहिलेली कोणती सुधारणा कोणाच्या हाती आहे, एवढे त्यात असावे. टिपणी लिहिताना केंद्रातील सर्वांना एकत्र बसवून ती वाचून दाखवावी आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करूनच ती नव्या अधिकाऱ्याच्या हाती द्यावी.